करड्या पट्ट्याचा माग

समुद्र काळाच यायला हवा, हा आमच्या खोलीचा कायदा होता.

खोली म्हणजे हवामान ऑफिसातली उपग्रहाच्या फोटोंची खोली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे लागले तेव्हा त्या खोलीत काम करणारी मी पहिली बाई. मॉरिशसच्या वरच्या पठारावर, जिथे कपडे वाळायला दोन दिवस लागतात, तिथे आमच्या छपरावर एक अँटेना होती. उपग्रह क्षितिजावर आला की ती फिरवत फिरवत त्याच्या मागे न्यायची. मग यंत्र टकटक बोलू लागायचं आणि ओलसर कागदावर एकेक रेघ उमटत फोटो बाहेर सरकायचा. ढगांची भिरभिरी, पश्चिमेला मादागास्करचा लांबच लांब किनारा, आणि मध्ये नुसता समुद्र. आपला देश एवढासा ठिपका. त्याच्यावर ढग आला की तोही नाही.

पहिल्या दिवशी तो फोटो पाहून माझ्या तोंडून “आयो!” निघून गेलं आणि खोलीतले सगळे पुरुष हसले. हसू देत. ज्याला ते बघून ‘आयो’ म्हणावंसं वाटलं नाही, त्याने त्या खोलीत काम तरी कशाला करावं? इतक्या वरून कुणीतरी आपल्याकडे बघतंय आणि जे दिसलं ते आपल्याला पाठवतंय, ह्या गोष्टीची सवय मला नोकरीतून निवृत्त होईपर्यंत झाली नाही.

खोलीचे प्रमुख एक क्रेओल, म्हणजे बेटावरच्या आफ्रिकी वंशाचे, गृहस्थ होते. आम्ही त्यांना मिस्ये, म्हणजे साहेब, म्हणायचो. आडवा बांधा, कडक इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात सिगरेटचं पाकीट, आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. मला ते मामझेल, म्हणजे बाईसाहेब, म्हणत, आणि चिडले की जरा जास्तच मामझेल म्हणत. मीही काही कमी नव्हते. आई म्हणायची, “हिला सासू भेटंल तवा कळंल.” सासू भेटली, पण ती बिचारी गरीब निघाली, ते जाऊ दे.

तर कायदा. यंत्राला एक गोल बटण होतं. ते एका बाजूला फिरवलं की सगळा फोटो करडा, मळकट यायचा. दुसऱ्या बाजूला फिरवलं की ढग पांढरेशुभ्र आणि समुद्र काळाकुट्ट. मिस्येंनी स्वतः कितीतरी महिने खपून त्या बटणाची नेमकी जागा शोधली होती आणि तिथे पेन्सिलीने खूण केली होती. आम्हाला शोधायचं काय असायचं? वादळ. उन्हाळ्यात वादळ येतं, घरांची छपरं नेतं, ऊस आडवा करतं. वादळाचा डोळा दिसायचा तर समुद्र काळाच हवा. मधला करडा रंग म्हणजे घाण. बटण कुणी केसभर हलवलं तर मिस्ये अख्खा मजला डोक्यावर घ्यायचे.

आता आईचं सांगते, कारण खरं म्हणजे ही गोष्ट तिची आहे.

आई ईशान्येला, रिव्हिएर दू रांपारला राहायची. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. घरामागे खंडाने घेतलेला जमिनीचा तुकडा होता, त्यात ती टोमॅटो, वांगी, मिरच्या, पावटा काढायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गावातल्या मराठी मुलांना गणपतीची गाणी तीच शिकवायची, आणि एखादं पोर सुरात चुकलं तर खुरपं घेऊन त्याच्यामागे धावायची. अशी बाई सप्टेंबर लागला की अर्धी व्हायची. छाती घुरघुरायची, दम लागायचा, रात्र बसून काढायची. नोव्हेंबर सरला की पुन्हा खुरपं हातात.

गावात सगळ्यांना कारण ठाऊक होतं. ते दिवस असतात लाकूपचे, म्हणजे ऊसतोडीचे. तोडणीआधी ऊस जाळतात, पाचटाची काळी राख उडते, दोरीवरच्या कपड्यांवर पडते, भातातसुद्धा पडते. आमच्याकडे लाकूपच्या दिवसांत कुणी शिंकलं तरी दोष उसाला. नाहीतरी धूर समोर दिसत असताना दुसरं कारण शोधायला कोण जाणार?

माझा थोरला भाऊ शहरात, रोझ हिलला राहायचा. दादाची ऑफिसातली नोकरी होती, सिमेंटचं घर होतं, बाल्कनी होती. दादा वाईट नव्हता हे आधीच सांगते, नाहीतर पुढे तुम्ही उगाच त्याच्यावर दात धराल. आईवर त्याचा जीव होता, पण त्याचा जीव असा की समोरच्याचा जीव गुदमरावा. मी सांगते ते सालही असंच सप्टेंबरात सुरू झालं. एका रविवारी आईला इतका दम लागला की शेजाऱ्यांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब ठेवा. दादाने तिथेच ठरवून टाकलं.

“आता बस झालं,” तो म्हणाला. “आई रोझ हिलला येईल ती कायमची. नवीन वर्ष लागलं की जमीन मालकाला परत. घरही सोडायचं. मी त्याला निरोप धाडतो.”

आई खाटेवर बसून होती. बोलायला तिच्यात श्वास नव्हता, नाहीतर दादाची काय बिशाद होती! तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. जमीन गेली की आई गेलीच, मग तिची छाती कितीका साफ असेना, हे मला कळत होतं. पण बोलू काय? उसाच्या शेतात राहते आणि धुराने आजारी पडते. दादाचं म्हणणं सरळ होतं.

सोमवारी मी डोळे सुजवून ऑफिसात गेले. मिस्येंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दुपारी मात्र खुर्ची ओढून समोर बसले.

“काय झालं, मामझेल? कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. जाईल.” आणि मग मी सगळं सांगितलं. ऊस, धूर, दवाखाना, जमीन.

ते ऐकत राहिले. मग सिगरेट पेटवली आणि माझा चेहरा बघून विझवली.

“दम कधी लागला म्हणालात?”

“काल. रविवारी.”

“रविवारी कारखाना चालू असतो तुमच्याकडे?”

रविवारी कारखाना बंद असतो. कारखाना बंद तर तोड नाही, तोड नाही तर जाळणं नाही. हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न ना गावाने विचारला, ना डॉक्टरांनी, ना मी.

“आणि तुमचं गाव पूर्वेच्या किनाऱ्याजवळ,” मिस्ये स्वतःशीच बोलत होते. “एरवी वारा समुद्रावरून येतो. समुद्रात ऊस नसतो, मामझेल.”

“मग धूर कुठला?”

“ते आपण बघू. आपलं काम तेच आहे, नाही का?”

आम्ही कपाटातून त्या आठवड्याचे फोटो काढले. एकेक पसरून भिंगातून पाहिले. मादागास्कर, ढग, काळा समुद्र. काळा समुद्र, ढग, मादागास्कर. सुंदर फोटो. स्वच्छ. मिस्येंनी भिंग टेबलावर ठेवलं. मग उठले, यंत्रापाशी गेले, आणि खोलीतल्या सगळ्यांच्या देखत आपल्या पेन्सिलीच्या खुणेवर थुंकी लावून ती अंगठ्याने पुसून टाकली.

“कालचा धूर ह्या फोटोत असेल तर तो मीच काळा करून टाकलाय,” ते म्हणाले. “गेली इतकी वर्षं मी रोज समुद्र धुतोय. गाढव!”

गाढव ते स्वतःला म्हणाले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. आपल्या चुकीवर पांघरूण घालताना त्यांची काय तारांबळ उडते, तेही पाहिलं. पण स्वतःचाच कायदा, ज्याच्यासाठी इतरांवर ओरडून घसा बसवला तो कायदा, असा चारचौघांत अंगठ्याने पुसणारा माणूस मी हा एकच पाहिला. त्या दिवसापासून मिस्ये माझ्यावर कितीही ओरडले तरी मला राग आला नाही. म्हणजे आला, पण टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी उपग्रह आला तेव्हा बटण उलटं फिरवलं होतं. फोटो बाहेर आला तो ओल्या फडक्यासारखा. ढग फिकट, समुद्र मळका. खोलीतले बाकीचे नाकं मुरडायला लागले. वरच्या साहेबांकडे तक्रारही गेली, की मिस्येंना म्हातारचळ लागला, फोटो खराब करतायत. मिस्येंनी वर जाऊन सांगितलं, “दिवसातला एक फोटो माझा. बाकीचे सगळे तुमचे, काळे करा नाहीतर निळे करा.” आणि खाली येऊन पुन्हा भिंग घेतलं.

आणि तो दिसला. मादागास्करच्या किनाऱ्यावरून निघालेला एक करडा पट्टा. किनाऱ्याशी रुंद, मग निमुळता होत आमच्या दिशेने येणारा. इतका पुसट, की सरळ बघावं तर नाहीसा व्हायचा आणि कागद जरा तिरपा धरला की पुन्हा यायचा.

“धूर!” मी ओरडले.

“थांबा, मामझेल. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.” अर्थात त्यांनी हे असं म्हटलं नाही, क्रेओल भाषेतलं काहीतरी म्हटलं, पण अर्थ तोच. “पातळ ढगही असाच दिसतो.”

मग त्यांनी मला जे दाखवलं ते मी जन्मात विसरणार नाही. उपग्रह एकाच कागदावर दोन फोटो शेजारी शेजारी पाठवायचा. एक उजेडाचा, आपल्या डोळ्यांना दिसतं तसा. दुसरा उष्णतेचा, कुठे गरम आहे आणि कुठे थंड ते सांगणारा. उंचावरचा ढग थंडगार असतो, म्हणून तो दोन्हीकडे दिसतो. धुराचे कण मात्र इतके बारीक, की खालच्या समुद्राची ऊब त्यांच्यातून आरपार निघून जाते. मिस्येंनी डावीकडच्या फोटोतल्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि दुसरं बोट उजवीकडच्या फोटोत नेमक्या त्याच जागी नेलं. तिथे काहीही नव्हतं. नुसता समुद्र.

“ढग असता तर इथेही असता,” ते हळूच म्हणाले. “आता म्हणा धूर.”

आता माझ्याच्याने म्हणवेना. आठशे-हजार किलोमीटर लांब कुणीतरी माळावरच्या गवताला काडी लावतं, आणि त्याचा धूर समुद्र ओलांडून माझ्या आईच्या छातीत शिरतो. ते सगळं ह्या ओल्या कागदावर होतं, आणि आम्ही रोज ते पुसत होतो.

पुढचे दिवस आम्ही त्या पट्ट्याच्या मागावर काढले. मिस्ये रोज वाऱ्याच्या नकाशावर तो पेन्सिलीने उतरवायचे. वरचा वारा पश्चिमेचा, तो धूर आमच्याकडे ढकलतो. खालचा वारा पूर्वेचा, तो धुराला जमिनीवर उतरू देत नाही. म्हणून एरवी धूर आमच्या डोक्यावरून निघून जातो आणि सूर्यास्त तेवढा लाल करून जातो. पण खालचा वारा पडला, की धूर हळूहळू खाली बसतो. आईच्या त्या रविवारी खालचा वारा पडलेला होता. जुन्या नोंदीत ते स्पष्ट होतं.

“उसाचा धूरही वाईटच,” मिस्ये मला बजावायचे. “त्याला सोडून देऊ नका. पण आईला अंथरुणाला खिळवतो तो हा. आणि हा एका गावाला येत नाही, मामझेल, अख्ख्या बेटाला येतो.”

अख्ख्या बेटाला. म्हणजे रोझ हिललाही!

तोवर आई रोझ हिलला पोचली होती. बाल्कनीत खुर्चीवर बसायची, मांडीवर हात ठेवून. वहिनी चांगली होती, काही कमी पडू देत नव्हती. पण वहिनीने बाजारातून आणलेलं वांगं हातात घेऊन आई म्हणायची, “हे कुणी तोडलं? मेलं अजून पोर हाय.” आणि परत ठेवून द्यायची. दिवसभरात बोलायची ती एवढंच. दादा म्हणायचा, होईल सवय. मला वाटायचं, झालीच तर फार वाईट.

मी दादाला धुराबद्दल सांगितलं. तो हसला. “मादागास्करचा धूर? बाय, तुमच्या ऑफिसात चहा फार होतो वाटतं.” मी फोटो दाखवला. त्याने तो उलटा धरला. सुलटा केला तरी त्याला मळकट कागदापलीकडे काही दिसेना, आणि खरं सांगायचं तर त्याचा दोष नव्हता. मलाही दिसायला मिस्ये लागले होते.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी पट्टा पुन्हा निघाला. ह्या खेपेला चांगला जाड. मिस्येंनी नकाशा पाहिला, वारा पाहिला. “खालचा वारा उद्या पडेल. परवापर्यंत धूर खाली. कदाचित. मी देव नाही.”

आणि माझ्या मनात काय आलं, तर बरं झालं! परवा आईला रोझ हिलला दम लागेल, दादाच्या डोळ्यांसमोर लागेल, आणि मग बघू त्याची बाल्कनी. माझ्या चेहऱ्यावर ते उमटलं असावं. मिस्येंनी भिंग खाली ठेवलं.

“तुम्ही वाट बघणार आहात?” ते म्हणाले. “आपल्याला दोन दिवस आधी कळलंय. ते पुरावा गोळा करायला कळलंय का? आत्ता निघा. खिडक्या बंद करायच्या, फटींत ओल्या चादरी, गोळी दम लागायच्या आधी द्यायची, नंतर नाही. दम्याचा पंप उशाशी. दोन दिवस तिला बाहेर पाऊल टाकू देऊ नका.”

“पण मग दादाला पटणार कसं?”

“नाही पटलं तर नाही पटलं. जा, मामझेल. बस चुकेल.”

मी बसमध्ये सगळा वेळ त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, कारण ते बरोबर होते.

रोझ हिलला पोचून मी पदर खोचला आणि सांगितलेलं सगळं केलं. वहिनीने न विचारता चादरी भिजवून दिल्या. दादा वैतागला, पण मी कुणाची लेक आहे हे तो जाणून होता. आईला मी फोटो दाखवला. तिने तो मांडीवर घेतला, तिरपा धरला, मी न सांगता. आणि तिला पट्टा दिसला.

“एवढं कोण जाळतंय गो?”

“तिकडचे शेतकरी. गुरांच्या गवतासाठी जाळतात. भातासाठी रान जाळतात.”

“म्हंजे भाजावळ करतात म्हण की!”

हा शब्द मी आजोबा गेल्यापासून ऐकला नव्हता. आमचे पूर्वज कोकणातून ऊस तोडायला इथे आले तेव्हा जो थोडा ऐवज तोंडात घेऊन आले, त्यातला तो एक. भात पेरायच्या आधी जमीन भाजायची. आमच्यापैकी कुणी कधी भात पेरलं नव्हतं, पण शब्द राहिला होता.

“पोटासाठी जाळतात बिचारी,” आई म्हणाली. मग जरा थांबून, “इतक्या लांब येऊन माझी छाती धरतो हा धूर. मग त्यांच्या पोरांचं काय गो होत असंल?”

पुढे कितीतरी वर्षं तो पट्टा बघताना मला किनाऱ्याशी तो कुठे सर्वांत रुंद आहे ते आधी दिसायचं.

तिसऱ्या दिवशी धूर उतरला. सकाळी बाल्कनीतून समोरचा कोर दे गार्दचा डोंगर नेहमी हाताशी असल्यासारखा दिसतो. त्या दिवशी डोंगर नव्हताच. सूर्य तांब्याच्या ताटासारखा. रस्त्यावरून जाणारी माणसं रुमाल तोंडाला लावून चालली होती आणि उसाला शिव्या देत होती. घरात आम्ही खिडक्या लावून बसलो होतो. आईने गोळ्या घेतल्या होत्या, आल्याचा चहा घेतला होता. छाती जरा बोलत होती, पण दम नाही. दुपारी तिने चक्क दोन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी दादा ऑफिसातून आला, डोळे चोळत, खोकत. आईला बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला.

“बघितलंस?” तो मला म्हणाला. “सगळीकडे एवढं धुरकट, आणि आईला काही नाही. गावात असती तर आज दवाखान्यात असती. शेवटी रोझ हिलची हवाच वेगळी! उद्याच मालकाला निरोप देतो.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आईला वाचवलं आणि तिचं घर घालवलं, दोन्ही मीच. मी काहीतरी बडबडले, चादरी, गोळ्या, पट्टा. त्याच्या कानात काही शिरलं नाही. तो सुखात होता. त्याची आई बरी होती.

तेवढ्यात आई उठली. कुणाला काही कळायच्या आत खिडकीपाशी गेली, ओली चादर ओढून खाली टाकली आणि खिडकी सताड उघडली. समोर उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला धरून, आणि छाती भरून श्वास घेतला. मग दुसरा. मग तिसरा.

“आई! काय करतेस?” दादा ओरडला.

“हवा खाते,” ती म्हणाली. “तुझ्या रोझ हिलची.”

मी धावले. तिने मागे न बघता हाताने मला अडवलं. आणि मग सुरू झालं. आधी खोकला, मग ती घुरघुर, मग तो आवाज, ज्यात श्वास आत जातो पण बाहेर यायला वाट सापडत नाही. दादाने हा आवाज कधी जवळून ऐकला नव्हता. तो नेहमी दवाखान्यात पोचायचा, सगळं निभावल्यावर. तो तिला धरायला गेला तर तिने त्याचं मनगट पकडलं आणि त्याला तिथेच, खिडकीशी, उभा ठेवला. बघ म्हणून.

मग तिने पंप घेतला. स्वतः, माझ्या हातातून. कितीतरी वेळाने तिला बोलता आलं, तेही तुटक तुटक.

“आता सांग. आनखी कुठं न्हेतोस मला? ह्याच्या म्होरं... कुठलं गाव हाय?”

दादाने खिडकी लावली. चादर उचलली, पुन्हा भिजवली, आणि फटीत खोचायला लागला. त्याला जमत नव्हतं, चादर पुन्हा पुन्हा निसटत होती. वहिनीने हात लावायला पुढे व्हावं तर त्याने मान हलवली. तो रडत होता. मीही रडत होते, आणि इतकी चिडले होते आईवर, की दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. अशी रीत असते का पटवायची? पण दुसऱ्या कुठल्या रीतीने पटलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. मिस्येंना सांगितलं तेव्हा त्यांनी सिगरेट पेटवली आणि म्हणाले, “तुमच्या आईला आमच्या खोलीत नोकरी द्यायला हवी होती. तुम्हाला उगाच घेतलं.”

वारा सुटला, डोंगर दिसायला लागला, तसा दादाच आईला घेऊन गावी गेला. मालकाला निरोप गेला तो जमीन ठेवतो म्हणून.

त्यानंतर दर हंगामाला आमचं ठरून गेलं. पट्टा निघाला की मी गावातल्या चिनी दुकानात फोन लावायची. गावात फोन तेवढाच. दुकानदार पोराला धाडायचा नाही, स्वतः दारात येऊन आईच्या घराच्या दिशेने हाक मारायचा, “लाफिमे पे विनी!” धूर येतोय! म्हणजे आईच्या नावाने अख्ख्या गावाला वर्दी. कधी आमचा अंदाज चुकायचा आणि आई मला म्हणायची, “तुझा धूर वाट चुकला वाटतं.” ऐंशीच्या दशकात माझी बाळंतपणाची रजा नेमकी ऑक्टोबरात आली. मी काळजीत. पण त्या वर्षीही दुकानात फोन आलाच. दुकानदार म्हणाला, कुणी साहेब होता, फार रागीट, म्हणाला तिला सांगा आजच खिडक्या लाव, उद्या नाही. मी मिस्येंना कधी सांगितलंही नव्हतं, की फोन कुठल्या दुकानात लावते. कुठून शोधला कोण जाणे.

हळूहळू आईच्या घरात माणसं जमू लागली. ज्याची छाती कमजोर, तो वर्दी ऐकली की आईकडे. म्हातारे, एखादी गरोदर बाई, शेजारच्यांची दोन लहान पोरं. खिडक्या लावलेल्या, चादरी टांगलेल्या, चुलीवर आल्याचं पाणी. आई मधोमध बसून सगळ्यांना श्वास कसा सोडायचा ते शिकवायची, गाणं शिकवायची तशीच, चुकलं की रागवून. “घाई करू नको. ओठ आवळ. आता सोड. सगळा सोड.”

अशाच एका ऑक्टोबरात मी सुट्टी काढून गावी गेले होते. दुपारी बाहेर सगळं करडं होऊन गेलं होतं. दार वाजलं. दादा होता. रोझ हिलहून बस बदलत आला होता, आणि खांद्यावर त्याची धाकटी मुलगी, तीन-चार वर्षांची. तिच्या छातीतून तोच आवाज येत होता. आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा.

दादा उंबऱ्यातच उभा राहिला. आत बसलेल्या माणसांकडे बघितलं, चादरींकडे बघितलं, मग आईकडे.

“आई, हिला तुझ्याकडे ठेवून घे,” तो म्हणाला. “मला जमत नाही. तुला जमतं.”

आईने दोन्ही हात पुढे केले आणि नातीला घेतलं.

“दार लाव आधी,” ती म्हणाली. “धूर आत येतोय.”